रशियन निबंधस्पर्धा घेण्यापूर्वी: तयारीची यादी

कोल्हापुरात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी रशियन भाषेतील निबंधस्पर्धा घ्यायचे ठरले की पहिल्याच बैठकीत सभागृह कोणते, पाहुणे कोण आणि स्मृतिचिन्हे कितीची यावर चर्चा घसरते. ही यादी त्या क्रमाने लिहिलेली नाही. स्पर्धेला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींनी रशियन लिपी जेमतेम वर्षभरापूर्वी पहिल्यांदा गिरवलेली असते. त्यांना दीड तासात स्वतःचे असे काही लिहिता येईल का, या प्रश्नाभोवतीच बाकीची सगळी तयारी बांधावी लागते. म्हणून विषय आणि तपासणी यांचा विचार आधी करावा आणि व्यासपीठाचा नंतर.

तरीही तारीख सर्वांत आधी ठरवावी लागते, कारण तिच्यावाचून एकही पत्र निघत नाही. रशियन भाषा दिन ६ जून रोजी, म्हणजे पूश्किनच्या जन्मदिनी येतो. पण त्या दिवसांत आपल्याकडे सुट्टी किंवा प्रवेशाची धांदल असते. जुलै-ऑगस्टचा विचारही करू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. शिवाजी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा अशा तीन जिल्ह्यांचे आहे, त्यामुळे रस्ता बंद झाला तर निम्मे स्पर्धक पलीकडेच राहतील. गणेशोत्सव, युवा महोत्सव, सत्रपरीक्षा आणि दिवाळी वगळली की जानेवारीचा शेवटचा आठवडा उरतो. २९ जानेवारी हा चेखवचा जन्मदिवस असल्याने निमित्तही मिळते. मात्र त्याच्या जन्माच्या वेळी, १८६० साली, रशियात चालणाऱ्या जुन्या पंचांगाप्रमाणे हीच तारीख १७ जानेवारी होती, त्यामुळे एखादा जाणकार फलकावरची तारीख चुकली असे सांगत आला तर उत्तर तयार असावे. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू झाली की कनिष्ठ महाविद्यालय असलेल्या इमारतींतील वर्ग मिळणे अवघड होते. रविवार धरायचा असेल, तर त्या दिवशी इमारतीत एखादी स्पर्धा परीक्षा आधीच ठरलेली नाही ना, हे कार्यालयात जाऊन स्वतः विचारावे, कारण फोनवर मिळालेला होकार नोंदवहीत चढलेला असेलच असे नाही. या सगळ्याचा हिशेब केला तर प्राचार्यांना जाणारे पहिले पत्र नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, जावक क्रमांकासह, बाहेर पडलेले असले पाहिजे.

पत्राच्या मसुद्यातच गट स्पष्ट करावेत. सहा महिने शिकलेला प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचा विद्यार्थी आणि तीन वर्षे शिकलेली विद्यार्थिनी यांना एकाच विषयावर लिहायला बसवणे अन्यायाचे आहे. पहिला गट एक वर्षापर्यंत शिकलेल्यांचा आणि दुसरा त्याहून अधिक शिकलेल्यांचा, एवढी विभागणी पुरते. अडचण तिसऱ्याच प्रकारची येते. वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जाऊन, ते अर्धवट सोडून परतलेली आणि इथल्या महाविद्यालयात प्रवेश घेतलेली मुले कधीकधी स्पर्धेला येतात. बाजारात, वसतिगृहात आणि रुग्णालयात ऐकलेली रशियन त्यांच्या तोंडी बसलेली असते. त्यांना नाकारू नये, पण त्यांना स्पर्धेबाहेरचा स्वतंत्र गट करून द्यावा आणि सहा महिन्यांहून अधिक काळ रशियन भाषिक प्रदेशात राहिला आहात काय, हा प्रश्न अर्जातच छापावा. बक्षिसे जाहीर झाल्यावर हा प्रश्न उपस्थित झाला की वाद मिटत नाही.

आता विषयांकडे वळावे. माझ्या मते सर्वाधिक वेळ इथे द्यायला हवा. परदेशी विद्यार्थ्यांसाठी रशियाने ठरवलेल्या परीक्षांत अगदी प्राथमिक पातळीला ७८० शब्द, त्यावरच्या पातळीला १३०० आणि त्यापुढच्या, ‘पहिली’ म्हटल्या जाणाऱ्या पातळीला २३०० शब्द अपेक्षित असतात. आपला पहिला गट ७८० च्या आसपास असतो, हे लक्षात घेतले तर ‘भारत-रशिया मैत्री’ हा दरवर्षी सुचवला जाणारा विषय का नको, ते वेगळे सांगावे लागत नाही. त्या विषयासाठी लागणारे शब्द मुलांजवळ नसतात, म्हणून ती कुठूनतरी तयार परिच्छेद पाठ करून येतात आणि परीक्षकाला चाळीस उत्तरपत्रिकांत एकच निबंध वाचावा लागतो. विषय काढणाऱ्याने प्रत्येक विषयावर त्या गटाच्या शब्दसंग्रहात राहून, घड्याळ लावून, स्वतः एक निबंध लिहून पाहावा. ज्या विषयावर शिक्षकालाच शब्दकोश उघडावा लागला, तो विषय बाद करावा.

पहिल्या गटासाठी ‘घरापासून कॉलेजपर्यंत’ हा साधा दिसणारा विषय घेऊन पाहा. रशियनमध्ये पायी जाण्याचे क्रियापद वेगळे आणि वाहनाने जाण्याचे वेगळे असते, शिवाय एकदा एका दिशेने जाणे आणि रोज ये-जा करणे यांचीही क्रियापदे निराळी. कागलहून एस.टी.ने येणारी, मध्यवर्ती बसस्थानकावर उतरून केएमटीची शहर बस पकडणारी आणि शेवटचा चढ पायी चढणारी विद्यार्थिनी हा प्रवास लिहू लागली की या क्रियापदांविषयी किती शिकून झाले आहे ते आपोआप कागदावर येते, आणि मजकूर मात्र तिचा स्वतःचाच राहतो. ‘आमच्या घरचा रविवार’, ‘रंकाळ्यावरची संध्याकाळ’ हेही याच जातीचे विषय आहेत.

दुसऱ्या गटाला थोडे अवघड द्यायला हरकत नाही. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले, त्यांनी त्यावर प्रवासवर्णन लिहिले आणि २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला, एवढी माहिती प्रश्नपत्रिकेतच देऊन ‘अण्णा भाऊंना पत्र’ लिहायला सांगता येईल. दुसरा विषय माझ्या आवडीचा आहे. त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकीतिन पंधराव्या शतकात चौलला उतरला आणि तिथून जुन्नरला पोहोचला. पावसाळा त्याने तिथे काढला आणि तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला, तो पुढे परत मिळाला. ‘निकीतिन जुन्नरऐवजी पन्हाळ्याला आला असता तर’ असा विषय दिला की ‘आला असता, पाहिले असते’ ही संकेतार्थी रचना प्रत्येक वाक्यात वापरावी लागते. रशियनमध्ये ती भूतकाळी क्रियापदाला एक छोटा निपात, म्हणजे रूप न बदलणारा शब्द, जोडून साधते आणि दोन वर्षे शिकलेल्याला ती यायलाच हवी.

स्थानिक नावांची सोय आधीच करून ठेवावी. रशियनमध्ये आपल्या ‘ह’चा नेमका उच्चार नाही, ‘ळ’ नाही आणि ‘ज’ लिहायला ‘द’ आणि ‘झ’ या अक्षरांची जोडी करावी लागते. त्यामुळे रंकाळा, ज्योतिबा, पन्हाळा यांची पाच-सात रूपे उत्तरपत्रिकांत दिसतात. वीस-पंचवीस नावांचा तक्ता फळ्यावर लिहिला की हा गोंधळ उरत नाही. परीक्षकांसाठी एक टीपही द्यावी: व्यंजनान्त परकीय नाव पुरुषाचे असेल तर त्याला विभक्ती लागते, स्त्रीचे असेल तर लागत नाही. आपल्याकडे पूनम हे नाव मुलाचेही असते आणि मुलीचेही, तेव्हा ‘पूनमसोबत’ लिहिताना झालेली चूक ही चूकच आहे का, हे त्या निबंधातली पूनम कोण यावर ठरेल.

प्रश्नपत्रिका छापणे हे काम शेवटच्या दिवसावर ढकलू नये, हे मी अनुभवाने सांगतो. एका वर्षी आम्ही रशियन मजकुराची फाईल एका छापखान्यात दिली. तिथे ती जुन्या मराठी फॉन्टच्या पानात चिकटवली गेली आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठा उघडला तेव्हा प्रत्येक रशियन अक्षराच्या जागी एक रिकामा चौकोन होता. मुलांनी त्या दिवशी फळ्यावरून विषय उतरवून घेतले. तेव्हापासून मजकूर पीडीएफ करूनच द्यायचा, छापखान्यात उभे राहून पहिली प्रत रशियन वर्णमालेच्या तेहतीस अक्षरांशी ताडून पाहायची आणि ‘यो’ अक्षरावरची दोन टिंबे जागेवर आहेत का ते बोट ठेवून तपासायचे, हा नेम आहे. सूचना मराठीत आणि रशियनमध्ये अशा दोन्ही भाषांत असाव्यात.

उत्तरपत्रिकेसाठी नेहमीचे रेघी ताव चालतात, पण गणिताच्या वहीसारखे चौकटीचे कागद मिळाले तर अधिक बरे. रशियातील शाळांतही चौकटीच्या वह्या सर्रास वापरतात आणि वळणदार अक्षर त्यात आवरते. त्या अक्षराविषयी पर्यवेक्षकांनाही थोडे सांगून ठेवावे. हाताने लिहिताना रशियन ‘त’ इंग्रजी ‘एम’सारखा, ‘द’ ‘जी’सारखा, ‘प’ ‘एन’सारखा आणि ‘इ’ ‘यू’सारखा दिसतो, तेव्हा मुलगा इंग्रजीत लिहितो आहे असे समजून त्याचा कागद कोणी ओढू नये. ‘लिशीश’ म्हणजे ‘तू वंचित करशील’ हा शब्द वळणाने लिहिला तर कागदावर नुसत्या एकसारख्या वळणदार रेघांची रांग उभी राहते; म्हणून ‘त’वर आणि ‘श’खाली आडवी रेघ ओढण्याची मुभा आहे, हे स्पर्धकांना आधी सांगावे. छापील वळणात लिहिणाऱ्याचे गुण कापू नयेत.

वेळ पहिल्या गटाला दीड तास आणि दुसऱ्याला दोन तास पुरेसा होतो. रशियातील शालान्त विद्यार्थ्यांना त्यांच्या अंतिम ‘सचिन्येनिये’साठी, म्हणजे निबंधासाठी, ३ तास ५५ मिनिटे मिळतात आणि किमान २५० शब्द लिहावे लागतात; आपल्या दुसऱ्या गटाला १५० आणि पहिल्याला ८० शब्दांची अट रास्त आहे. शब्द कसे मोजायचे हे लिहून द्यावे, नाहीतर वाद होतो. तिकडच्या पद्धतीत एकाक्षरी शब्दयोगी अव्ययही एक शब्द धरला जातो, जोडरेघेने जोडलेला शब्द एकच मोजला जातो आणि अंकात लिहिलेली संख्या मोजलीच जात नाही. तोच नियम आपणही घ्यावा. छापील शब्दकोश दुसऱ्या गटाला चालेल, पहिल्याला देऊ नये, कारण त्या पातळीवरचा विद्यार्थी शब्दकोशातले पहिलेच रूप उचलतो आणि वाक्य बिघडवतो. मोबाइल बंद करून, नाव लिहिलेल्या पाकिटात घालून, टेबलावर जमा करावेत.

तपासणीची तयारी स्पर्धेच्या आधी पूर्ण असावी. प्रत्येक उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक टाकावा आणि नावांचे पान फाडून समन्वयकाने कुलपात ठेवावे, कारण कोल्हापुरात रशियन शिकवणारी माणसे मोजकी आहेत आणि त्यांना आपापल्या विद्यार्थ्यांचे अक्षर ओळखू येते. याच कारणासाठी दोनपैकी एक परीक्षक पुणे किंवा मुंबईहून बोलवावा. दोघांच्या गुणांत पन्नासपैकी आठहून अधिक फरक पडला तर तिसऱ्याने तपासावे. गुणतक्त्यात विषयाला धरून असणे, मजकूर, मांडणी आणि भाषा असे चार रकाने पुरतात. एकच चूक दहा वेळा झाली तरी ती एकदाच मोजावी. ‘यो’वरची टिंबे राहिली तर ती चूक नाही, रशियन छापील मजकुरातही ती बहुधा गाळतात. ‘की’ या अर्थाच्या शब्दाआधी स्वल्पविराम नसणे मात्र रशियनमध्ये चूकच आहे. मराठी मुले तो द्यायला विसरतात किंवा मराठीच्या सवयीने ‘की’नंतर देतात, म्हणून पहिल्या गटापुरती ती माफ करावी असे माझे मत आहे. लिंगाच्या चुका आपल्या मुलांकडून तुलनेने कमी होतात, कारण मराठीतही तीन लिंगे आहेत. क्रिया पूर्ण झाली की चालू होती हे दाखवणाऱ्या क्रियापदांच्या जोड्यांत ती अडखळतात, आणि तिथे उदारपणा ठेवायचा की नाही हे दोन्ही परीक्षकांनी तपासणीपूर्वी एकत्र बसून ठरवावे.

त्या दिवसाची व्यवस्था थोडक्यात. सातारहून येणाऱ्यांसाठी सुरुवात अकराला ठेवावी, बाके एकाआड एक मोकळी सोडावीत, पिण्याचे पाणी वर्गाबाहेर ठेवावे, एक पर्यवेक्षक रशियन जाणणारा असावा. पाहुण्यांचे भाषण निबंधानंतर ठेवावे. आधी ठेवले तर अकराचे साडेअकरा होतात आणि घंटा पुढे जाते. दुपारी मिसळ सांगितली असेल तर संख्या आदल्या दिवशी कळवावी.

खर्चासाठी आगाऊ रक्कम घेतली असेल तर परीक्षकांचा प्रवास, मानधन, छपाई आणि अल्पोपाहार यांची व्हाउचरे त्याच दिवशी सह्यांसह जमा करावीत. बक्षीस म्हणून स्मृतिचिन्हांपेक्षा चांगला शब्दकोश द्यावा. प्रमाणपत्रावर स्पर्धकाचे नाव देवनागरीत आणि रशियन लिपीत असावे, आणि रशियन लिपीतले रूप स्वतः स्पर्धकाकडूनच अर्जात लिहून घ्यावे. जाधव, चव्हाण, घाटगे ही नावे आपण अंदाजाने लिहिली तर निम्मी प्रमाणपत्रे परत येतात.

निकाल लागल्यावर तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती, चुकांच्या खुणांसह, ज्याच्या त्याच्या महाविद्यालयाकडे पंधरा दिवसांत पाठवाव्यात. मूळ प्रती, गुणतक्ते, प्रश्नपत्रिका आणि विषय काढताना शिक्षकांनी लिहून पाहिलेले निबंध एका फाईलमध्ये लावून ती फाईल विभागाच्या कपाटात ठेवावी आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे फाईलच्या वेष्टनावर लिहून ठेवावे.