पाइप चिकटवण्याआधी: टाकीतून संपमध्ये उतरणाऱ्या पाण्याची तयारी

माशांच्या टाकीखाली संप असतो, म्हणजे टाकीचं पाणी जिथे उतरतं आणि जिथून पंपाने परत वर जातं ती दुसरी टाकी. पाणी वर चढवायला पंप असतो, तो हवा तेवढा मोठा आणता येतो. टाकीतून संपमध्ये ते उतरतं मात्र केवळ स्वतःच्या वजनाने, तिथे जोरजबरदस्ती चालत नाही. म्हणून पाइप चिकटवायच्या सॉल्व्हंट सिमेंटचा डबा उघडण्याआधी कागद घ्या आणि दोन आकडे काढा. पंपाने अचानक संप पुकारला तर खाली किती लिटर येईल? आणि उतरता पाइप तुंबला तर वर किती जाईल?

टाकी १२० सेंमी लांब आणि ५० सेंमी रुंद असेल, तर दर सेंटिमीटरला ६ लिटर धरा. परतीच्या, म्हणजे पंपाचं पाणी वर टाकीत आणणाऱ्या पाइपचं तोंड ४ सेंमी बुडालेलं असेल, तर पंप बंद पडल्यावर ते उघडं पडेपर्यंत उलटा सायफन (पाइप भरून आपोआप खाली ओढला जाणारा प्रवाह) चालू राहतो, म्हणजे २४ लिटर खाली. ९० बाय ४० सेंमीच्या संपमध्ये एवढ्याने पातळी साडेसहा सेंटिमीटरच्या वर चढते. शिवाय टाकीचं पाणी जिच्यातून खाली जातं त्या ओव्हरफ्लोच्या पेटीतलं आणि पाइपांतलं पाणी वेगळं. तेवढी जागा संपमध्ये कायम रिकामी हवी. परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक पाडतात, तुम्हीही पाडा, पण ते शेवाळाने बुजतं. भरवसा तोंडाच्या उंचीवरच ठेवा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचंही तेच. दुसरा आकडा सोपा आहे: संपमधल्या पंपाच्या कप्प्यात जेवढं पाणी, तेवढं वर मावलं पाहिजे.

आता उतरते पाइप किती? मी पहिल्यांदा एकच टाकला होता. अंगठ्याच्या नखाएवढी गोगलगाय ओव्हरफ्लोची जाळी ओलांडून थेट एल्बोच्या वळणात जाऊन बसली. पंप रात्रभर इमानाने पाणी वर चढवत राहिला आणि सकाळी माझा पाय ओल्या चटईवर पडला. तेव्हापासून दोनपेक्षा कमी नाहीत. हर्बी पद्धतीत एक पाइप पूर्ण भरून, हवेविना वाहतो आणि दुसरा आणीबाणीसाठी कोरडा राहतो. बीनॲनिमल पद्धतीत या दोघांच्या मध्ये तिसरा असतो, त्यातून थोडं पाणी हवेसकट उतरतं आणि बारीकसारीक चढउतार तो सांभाळून घेतो. जागा असेल तर मी तीनच घालेन. भरून वाहणाऱ्या मुख्य पाइपवर गेट व्हॉल्व्ह बसवा. बॉल व्हॉल्व्हने प्रवाह केसभर कमीजास्त करणं जमत नाही. आणीबाणीच्या पाइपवर कुठलाही व्हॉल्व्ह नको, आणि पंपाचं सगळं पाणी तो एकटा उतरवू शकला पाहिजे.

भोक पाडण्याआधी काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नाही याची खात्री करा. तशी काच ड्रिल लागताच चुरा होते. बल्कहेड, म्हणजे काचेच्या भोकात पाइप बसवायचं फिटिंग, आधी हातात घ्या आणि मग भोकाचं माप ठरवा. काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर सोडा. हिऱ्याचा होल सॉ हळू फिरवा, वरून पाणी सोडत राहा, दाबू नका. बल्कहेडचा रबरी वॉशर कॉलरच्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या अंगाला येतो. नट हाताने आवळून वर पाव फेरा पुरे.

वाट आखताना ९० अंशांच्या एल्बोऐवजी जमेल तिथे ४५ चे दोन घाला. पाइप कुठेही वर चढता कामा नये. व्हॉल्व्हजवळ युनियन (हाताने खोलता येणारा सांधा) ठेवा, नाहीतर साफसफाईच्या दिवशी करवत घ्यावी लागेल. सगळं आधी कोरडं जोडा आणि प्रत्येक सांध्यावर पाइप व फिटिंग दोन्हींवरून जाणारी पेनाची रेघ मारा. सिमेंट लागल्यावर विचार करायला काही सेकंदच मिळतात. पाव फेरा देत पाइप आत ढकला, रेघ जुळवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा, कारण तो हळूच मागे सरकतो. मग एक दिवस हात लावू नका.

संपमध्ये मुख्य पाइपचं टोक जेमतेम २ ते ३ सेंमी बुडू द्या. जास्त खोल गेलं तर आतली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन सुरूच होत नाही. आणीबाणीच्या पाइपचं टोक मुद्दाम पाण्याच्या वर ठेवा. तो वाहू लागला की खळखळाट ऐकू आला पाहिजे.

वाळू आणि मासे येण्याआधी साध्या पाण्यावर चाचणी घ्या. गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून, मधला पाइप असेल तर तोही बुजवून, आणीबाणीचा पाइप एकट्याने भार पेलतो का ते पाहा. मग पंप तीन-चार वेळा बंद-चालू करा. सायफन दर वेळी आपोआप धरला पाहिजे. शेवटी पंप बंद असताना संप काठापासून चार बोटं खाली राहील इतकंच पाणी ठेवा, पंप चालू करा आणि पातळी स्थिरावली की पंपाच्या कप्प्याच्या काचेवर मार्करने रेघ ओढा. पुढे कधीही, पंप चालू असताना, पाणी भरायचं ते या रेघेपर्यंतच.