स्किझोफ्रेनियाचा माणूस गावातच कसा सांभाळायचा, आमचा अनुभव

आमच्या मामाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, नसलेल्या गोष्टी खऱ्या वाटणं असा मानसिक आजार. गाव कोरेगाव तालुक्यात. सगळं मामीवर पडायचं, गोळ्या तीच देणार, दवाखान्याला तीच नेणार, रात्री उठून गेला तर बॅटरी घेऊन शोधायला पण तीच, आणि वरनं शेजारीपाजारी सांगणार की देवरशाकडं न्या. मग मामीच आजारी पडली आणि आठ दिवसात सगळं घर कोलमडलं, तेव्हा कळलं की एक पेशंट असला तरी त्याच्या मागं चार-पाच माणसं पाहिजेत. ती कशी जमवायची ते लिहितोय.

पहिलं म्हणजे पेशंटला विचारा. आम्ही हितंच चुकलो. गुपचूप व्हॉट्सॲप ग्रुप काढला, मामाला कळलं, आणि त्याला आधीपासनंच वाटायचं की लोकं माझ्यावर पाळत ठेवतात, आता तर खरंच ठेवत होती की! महिनाभर बोलला नाही कुणाशी. नंतर त्यालाच विचारलं की तुला कोण चालंल, तर त्यानं दूध डेअरीवर माप घेणाऱ्या दोस्ताचं नाव घेतलं, जो आमच्या लिस्टमध्ये नव्हताच.

आता एका माणसाला एकच काम. डेअरीवाला सकाळी बघतो मामा दूध घालायला आला का, नाही आला तर मला फोन. दवाखाना माझ्याकडं. चुलतभाऊ कागदपत्रं बघतो. आशाताईंना पण सांगून ठेवलंय. मामीकडं फक्त घरातलं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्रास वाढायची लक्षणं मामा बरा असताना त्याच्यासोबत बसून वहीत लिहून ठेवली. त्याची तीन आहेत: झोप उडते, आंघोळ बंद होते, आणि रेडिओ बंद करून ठेवतो कारण त्यात त्याच्याबद्दल बोलतात असं त्याला वाटतं. प्रत्येकाची वेगळी असतात, पण झोप बहुतेकांची आधी जाते. दोन रात्री जागा राहिला की वाट बघत बसायचं नाही, डॉक्टरांना फोन.

गोळ्या आमटीत मिसळून देऊ नका, एकदा कळलं की माणूस जेवायचंच सोडतो. रोजची गोळी चुकत असेल तर 2 ते 4 आठवडे टिकणारं इंजेक्शन असतं, त्याबद्दल विचारा. आणि बिडी! धुरामुळं या आजाराच्या ओलान्झापिन, क्लोझापिनसारख्या गोळ्यांचा असर कमी होतो, त्यामुळं माणसानं बिडी एकदम सोडली तर तेवढ्याच डोसचा त्रास व्हायला लागतो. बिडी सोडावीच, पण आधी डॉक्टरांना सांगून.

आवाज ऐकू येतात म्हणाला तर "काय नाही, भास आहे तुझा" म्हणून वाद घालायचा नाही, हो ला हो पण करायचं नाही. मी म्हणतो, मामा मला नाही ऐकू येत, पण तुला भ्या वाटत असंल, चल चहा पिऊ. देवरशाचं पण तसंच, मामीशी भांडलो नाही, अंगारा लाव पण गोळी चुकवू नको एवढंच ठरवलं.

कागदपत्रांचं थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार पण येतो, सिव्हिलला तपासणी होऊन 40 टक्के किंवा जास्त निघालं की यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) एसटी सवलत वगैरे मिळते. तपासणीला रोज बघणारा माणूस सोबत न्या, मामा तिथं टापटीप बसतो आणि सगळं झ्याक आहे म्हणतो. दुसरं, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आजारपणात उपचाराच्या निर्णयांना मदत करणारा आपला प्रतिनिधी कोण ते पेशंट स्वतः साध्या कागदावर लिहून सही करून ठरवू शकतो. बरा असतानाच करून घ्या.

घर सोडून गेला तर पोलीस स्टेशनला लगेच जायचं, अलीकडचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. भटकणारा आजारी माणूस सापडला तर 24 तासात दवाखान्यात दाखवायची जबाबदारी त्याच कायद्यानं पोलिसांवर आहे. साखळीनं बांधायला कायद्यानं बंदी आहे, गावात अजून कोण कोण सल्ला देतात म्हणून सांगतोय. रात्री-अपरात्री काय करावं सुचलं नाही तर 14416 टेली मानस, ही सरकारची मानसिक मदतीची हेल्पलाईन, फुकट आहे, मराठीत बोलतात. जिवाला धोका वाटला तर सरळ 108.

साताऱ्यात परिवर्तन संस्थेचं मानसमित्रांचं, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांचं काम आहे. आमच्यासारखा गोतावळा नसेल त्यांनी तिथनं सुरुवात करावी.

आणि मामीची सुट्टी. महिन्यातनं दोन दिवस विट्याला माहेरी, कॅलेंडरवर आधीच गोल करून ठेवलेत. जायचं का नको असं तिला विचारायचंच नाही, विचारलं की ती नको म्हणते, पिशवी भरायची आणि एसटीत बसवून यायचं.