मदरबोर्डवर रेड बसत नसेल, तर आधी साटा मोड बघा

दोन हार्ड डिस्क जोडल्या, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'रेड' (दोन डिस्क जोडून एकच असल्यासारख्या वापरणं) निवडलं, एफ१० दाबून सेव्ह केलं आणि विंडोज सुरू होता होता निळी स्क्रीन आली. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फोटो स्टुडिओपासून उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या ऑफिसपर्यंत ही तक्रार घेऊन मला सारखे फोन येतात. मी पोचेपर्यंत कुणीतरी सल्लाही देऊन गेलेलं असतं, "फॉरमॅट मारा, विंडोज नव्यानं टाका." या सल्ल्यापायी लोकांचे दोन-दोन दिवस गेलेले मी बघितलेत. आधीच टाकलेल्या विंडोजवर रेड चालू करायला बहुतेक वेळा फॉरमॅट लागत नाही.

घरच्या मदरबोर्डवर रेडसाठी स्वतंत्र प्रोसेसर नसतो. या दोन डिस्क एका जोडीतल्या आहेत, एवढी नोंद बायोस डिस्कवर ठेवतो. प्रत्यक्ष लिहायचं-वाचायचं काम विंडोजमधला ड्रायव्हर करतो. म्हणजे बायोस आणि ड्रायव्हर या दोघांचं जमलं पाहिजे. साटा मोड (डिस्क बोर्डाशी कशा बोलतात ती सेटिंग) एएचसीआयवरून, म्हणजे डिस्क सुट्या ठेवणाऱ्या नेहमीच्या पद्धतीवरून, रेडवर नेला की विंडोजला वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि तो बूटच्या वेळी तयार नसेल तर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं लिहून मशीन थांबतं. डिस्क खराब झालेली नसते. तुम्ही आत्ता या निळ्या स्क्रीनवर अडकला असाल आणि अजून अ‍ॅरे (दोन डिस्कची जोडी) बनवलेला नसेल, तर बायोसमध्ये परत एएचसीआय करा. विंडोज पूर्वीसारखं उठेल.

बॅकअप आधी घेतलेला आहे आणि बोर्डाचं मॅन्युअल उघडून ठेवलंय, असं मी धरून चालतो.

पोर्टचं आधी उरकून घ्या. बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉटमध्ये (चपट्या एसएसडीच्या खाचेत) एसएसडी बसवली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात. कुठले, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. जुन्या बोर्डांवर काही पोर्ट दुसऱ्याच कंपनीच्या कंट्रोलरवर असतात. एक डिस्क त्यावर आणि एक मुख्य चिपसेटवर लावली तर त्यांची जोडी कधीच होणार नाही.

आता साटा मोड कसा बदलायचा ते. इथं घाई करू नका.

आधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का, ते तपासा. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर ते आपोआप चालू झालेलं असू शकतं. बायोसमध्ये बदल केल्यावर ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि ती कुठं आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं. ते तात्पुरतं थांबवा आणि की कागदावर उतरवून घ्या. दुसरं म्हणजे खात्याचा खरा पासवर्ड माहीत असू द्या. रोजचा चार आकडी पिन सेफ मोडमध्ये चालेलच असं नाही.

मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'एमएसकॉन्फिग' टाइप करा. 'बूट' टॅबवर 'सेफ बूट'ला टिक करा, त्याखाली 'मिनिमल' ठेवा आणि रीस्टार्ट द्या. आता विंडोज सुरू होऊ न देता थेट बायोसमध्ये जा, साटा मोड रेड करा, सेव्ह करून बाहेर पडा. मशीन सेफ मोडमध्ये उठेल. यात जादू काही नाही. नेहमीच्या बूटला विंडोज गरजेपुरतेच डिस्क ड्रायव्हर चालू ठेवतं, सेफ मोडमध्ये बाकीचेही चाचपून बघतं आणि योग्य तो लावून घेतं. उठल्यावर एमएसकॉन्फिगमधली टिक काढा आणि पुन्हा रीस्टार्ट करा. रजिस्ट्रीत शिरून आकडे बदलायला सांगणारे व्हिडिओ बघू नका. त्यातले बरेचसे विंडोज ७ च्या काळातले आहेत आणि एक आकडा चुकला तर सेफ मोडही हातचा जातो.

ही युक्ती इंटेलच्या बोर्डांसाठी. त्यातही ११व्या पिढीपासूनच्या अनेक बोर्डांवर रेड 'व्हीएमडी' नावाच्या सेटिंगमधून जातं, तिथं इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर आधी विंडोजमध्ये टाकून घ्यावा लागतो. एएमडीच्या बोर्डावर मी हा मार्ग धरतच नाही, तिथं विंडोज नव्यानंच टाकतो. नव्यानं टाकताना डिस्कच दिसत नसेल तर 'लोड ड्रायव्हर' दाबून पेनड्राइव्हवरचा ड्रायव्हर द्या. डाउनलोड केलेली सेटअपची फाइल तशीच ठेवून उपयोग नाही, ती उलगडून आतल्या आयएनएफ फाइली लागतात. एएमडीचे ड्रायव्हर तीन असतात आणि क्रम पाळावा लागतो. नावात 'बॉटम' असलेला पहिला, मग 'रेड'वाला, शेवटी 'कॉन्फिग'वाला. क्रम चुकला की डिस्क दिसत नाही आणि माणूस नवी डिस्क आणायला दुकानात पळतो.

अ‍ॅरे बनवणं सोपं आहे. बायोसमधल्या रेडच्या पानावर दोन डिस्क निवडायच्या, रेड १ (दोन्ही डिस्कवर सारखाच डेटा, म्हणजे मिरर) ठेवायचं, नाव द्यायचं, झालं. दोन्ही डिस्कवरचं सगळं जातं, म्हणून सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे जुळवल्याशिवाय 'येस' म्हणू नका. जुन्या व्हिडिओत दाखवतात तसं कंट्रोल आणि आय दाबून पान येत नसेल, तर तुमचा बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीनं चालतोय आणि ते पान बायोसच्या आतच आहे. घरी रेड ० (डेटा दोन्ही डिस्कवर वाटून ठेवणारं) करू नका. एक डिस्क गेली की दोन्हींवरचं सगळं जातं.

हीच सेटिंग कधीकधी आपोआप बदलते आणि त्यात माझं स्वतःचं नुकसान झालंय. माझ्या मशीनमध्ये विंडोज एसएसडीवर होतं आणि दोन हार्ड डिस्कच्या मिररवर घरचा डेटा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी शहरात शिरलं, आमच्याकडे वीज नव्हती, मशीन कित्येक दिवस बंद. प्लगमधून वीज मिळत असते तोवर बोर्डावरच्या सीआर२०३२ सेलवर भार पडत नाही. वीज नसली की घड्याळ आणि सेटिंग त्या सेलवर चालतात. माझा सेल जुना होता, तो संपला आणि बायोस मूळ सेटिंगवर गेला, म्हणजे एएचसीआयवर.

मशीन सुरू झालं. एका डिस्कच्या जागी दोन दिसल्या, त्यातली एक ऑफलाइन, कारण दोघींची सिग्नेचर (डिस्कची ओळखखूण) सारखी. फाइली उघडत होत्या, म्हणून मी आठवडाभर काम केलं, कॅमेऱ्यातले फोटो उतरवले, कार्ड मोकळं केलं. मग साटा मोडचं लक्षात आलं आणि मी तो नुसता परत रेड केला. अ‍ॅरे 'नॉर्मल' दिसला. मध्यंतरी एकाच डिस्कवर लिहिलं गेलंय, हे कंट्रोलरला कळायला मार्गच नव्हता. तो थोडं इकडून, थोडं तिकडून वाचत राहिला. फोटो अर्धे राखाडी उघडायला लागले, पुढच्या बूटला डिस्क तपासणी आपोआप चालली आणि तिनं उरलंसुरलंही बिघडवलं. ते फोटो परत मिळाले नाहीत.

म्हणून सांगतो, दोन डिस्क वेगळ्या दिसल्या की तिथंच थांबा. 'इनिशियलाइझ करू का' विचारलं तर नाही म्हणा. काहीच लिहिलं गेलं नसेल तर बायोसमध्ये रेड करा आणि पुढं चला. लिहिलं गेलं असेल तर आधी नवा डेटा तिसऱ्या डिस्कवर काढून घ्या. मग शिळ्या डिस्कची (जिच्यावर नवं काही लिहिलं गेलं नाही तिची) केबल काढून रेड चालू करा. अ‍ॅरे 'डिग्रेडेड' (एका डिस्कविना चालणारा) दिसेल, ते बरोबरच आहे. शिळी डिस्क दुसऱ्या मशीनवर संपूर्ण पुसा. नुसता क्विक फॉरमॅट पुरत नाही, कारण इंटेलची रेडची नोंद डिस्कच्या अगदी शेवटी असते. पुसल्यावरच ती जोडा आणि रिबिल्ड (चांगल्या डिस्कवरून दुसरीवर पुन्हा नक्कल) लावा. बायोस अपडेट केल्यावरही सेटिंग अशीच मूळपदावर जाते, तेव्हा विंडोज उठण्याआधी साटा मोड बघायचाच. मी आता प्रत्येक कॅबिनेटच्या आत एक कागद चिकटवतो. त्यावर 'साटा मोड: रेड', दोन्ही सीरियल नंबर आणि सेल बदलल्याची तारीख असते.

एखादी डिस्क अ‍ॅरेतून सारखी बाहेर पडत असेल तर नवी विकत घेण्याआधी साटा केबल बदला. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये 'सीआरसी एरर काउंट' वाढत असेल तर दोष बहुधा केबलचाच. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (डिस्कवरचे खराब किंवा संशयित भाग) वाढत असतील तर मात्र डिस्कच बदला, नवी तेवढीच किंवा मोठी हवी. ४ टीबीच्या रिबिल्डला सात-आठ तास तरी जातात. यूपीएसशिवाय तो सुरू करू नका. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी हमखास लाइट जाते, म्हणून मी तो रात्री जेवणानंतर लावतो आणि सकाळी उठून बघतो.