घरकामातील जादा तासांचा मोबदला: नोंद, हिशेब आणि मागणी

घरकामात जादा तासांचा वाद निघाला की पहिला प्रश्न पुराव्याचा येतो. कारखान्यात हजेरीपट असतो, कार्यालयात येण्याजाण्याची नोंद असते. घरात मात्र काम करणारी आणि काम सांगणारी व्यक्ती यांच्याशिवाय तिसरे कोणी साक्षीला नसते. त्यामुळे हे मार्गदर्शन कायद्याच्या कलमांपासून सुरू न करता एका साध्या वहीपासून सुरू करणे मला योग्य वाटते. ते घरकामगारांसाठी आहे, त्यांचा हिशेब मांडून देणाऱ्या मुलामुलींसाठी आहे आणि प्रामाणिकपणे पैसे देऊ इच्छिणाऱ्या मालकांसाठीही आहे.

वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, काम सुरू झाल्याची वेळ, मधली खरीखुरी विश्रांती आणि काम संपल्याची वेळ. ठरल्यापेक्षा जास्त थांबावे लागले असेल, तर कोणी थांबायला सांगितले आणि कशासाठी, हे एका ओळीत लिहावे. नोंद त्याच दिवशी करावी. महिनाअखेरीस आठवून भरलेल्या वहीत सगळे आकडे सारखेच दिसतात आणि समोरचा माणूस नेमके त्यावरच बोट ठेवतो. रात्री आजारी माणसाजवळ राहणाऱ्या बाईच्या वहीतले पान असे असावे: ‘रात्री 2.10, आजोबांना उठवले, चादर आणि कपडे बदलले, 2.50 ला झोपले. 4.30, पाणी दिले, पाठ चोळली, 4.45.’ अशा पानाला जे वजन येते ते ‘रात्रभर जागावे लागले’ या वाक्याला कधीच येत नाही. लिहिता येत नसेल तर घरातल्या कोणाकडून रोज लिहून घ्यावे, किंवा घरी पोचल्यावर फोनवर स्वतःच्या आवाजात वेळा सांगून ठेवाव्यात. ‘आज उशिरा थांबशील का’ असे मालकांचे संदेश पुसून टाकू नयेत, आणि दर आठवड्याला वहीच्या पानांचा फोटो काढून विश्वासातल्या माणसाकडे पाठवावा. वही मालकांच्या घरात ठेवू नये.

नोंद ठेवणे म्हणजे मालकांवर अविश्वास दाखवणे, असे पुष्कळ जणींना वाटते. पण तसे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 16 जून 2011 रोजी घरकामगारांच्या सन्मान्य कामाविषयी करार क्रमांक 189 आणि त्याच्या जोडीला शिफारस क्रमांक 201 स्वीकारली. कामाचे तास, जादा काम आणि हाकेला हजर राहण्याचा वेळ यांची अचूक नोंद ठेवावी आणि ती कामगाराला हवी तेव्हा पाहता यावी, असे त्या शिफारशीत स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे नोंद ठेवणे ही मुळात मालकाची जबाबदारी आहे. दोघांनी मिळून एकच तक्ता भरला आणि आठवड्याला त्यावर सही केली, तर सर्वांत उत्तम. मालकांनीच हा तक्ता पुढे केला तर वादाला जागाच राहत नाही.

काम सुरू करताना काय ठरले होते हे माहीत नसेल, तर जादा काय हे सांगता येत नाही. म्हणून कामाची नेमकी यादी, रोजचे तास, साप्ताहिक सुट्टीचा वार, पगाराचा आकडा आणि तारीख, पगारी रजा, जादा तासाचा दर आणि काम सोडण्याची वा काढण्याची नोटीस, एवढे एका पानावर लिहून दोघांनी एकेक प्रत ठेवावी. ‘पगारात सगळे आले’ हे वाक्य त्या पानावर येऊ देऊ नका. एकरकमी पगार असला तरी तो आठवड्याच्या किती तासांचा, हे लिहिलेच पाहिजे. नाहीतर कामाचे तास वाढत जातात आणि पगार जागचा हलत नाही.

आता दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकल्या पाहिजेत. रोज दोन तासांचे काम ठरले आणि अडीच तास करावे लागले, तर तो अर्धा तास करारापेक्षा जास्त आहे आणि त्याचे किमान नेहमीच्या दराने पैसे मागावेत. कायद्यातला ओव्हरटाइम मात्र त्या त्या ठिकाणी ठरलेली तासांची मर्यादा ओलांडल्यावरच सुरू होतो आणि त्याला वाढीव दर असतो. चार घरी काम करणारीचे दिवसाचे एकूण तास दहा भरले, तरी चारही मालक वेगवेगळे असल्याने ते तास सहसा एकत्र धरले जात नाहीत. अशा वेळी एकेका घराचा जास्तीचा वेळ करारातूनच मिळवावा लागतो.

ही मर्यादा देशागणिक आणि कधी राज्यागणिक बदलते. दक्षिण आफ्रिकेत घरकामगारांसाठी आठवड्याला 45 तासांची मर्यादा आहे, त्यावरच्या कामाला दीडपट दर आहे आणि जादा काम आठवड्याला 15 तासांहून अधिक घेता येत नाही. न्यूयॉर्क राज्याने 2010 मध्ये घरकामगारांसाठी कायदा केला. तिथे आठवड्याला 40 तासांनंतर, आणि मालकाच्या घरी राहणाऱ्यांसाठी 44 तासांनंतर, दीडपट दर लागू होतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात मात्र मालकाच्या घरी राहणाऱ्या घरकामगारांना ओव्हरटाइममधून वगळले आहे. भारताच्या 2019 च्या वेतन संहितेत जादा कामाला किमान दुप्पट दर लिहिलेला आहे. पण दर कायद्यात असणे आणि तो खासगी घरात काम करणाऱ्याला लागू असणे हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. भारताने करार क्रमांक 189 च्या बाजूने मत दिले, तरी त्याला अनुसमर्थन दिलेले नाही, म्हणजे तो पाळण्याचे बंधन अधिकृतपणे स्वीकारलेले नाही. म्हणून कामगार कार्यालयात किंवा संघटनेकडे गेल्यावर पहिला प्रश्न ‘हा कायदा घरकामगारांना लागू आहे का’ हा विचारावा, दर त्यानंतर.

हिशेब अवघड नाही, पण तो चुकीच्या जागी सुरू होतो. मासिक पगाराला तीसने भागून दिवसाचा दर काढला, तर सुट्टीचे दिवसही त्यात मोजले जातात आणि तासाचा दर खाली येतो. त्याऐवजी मासिक पगाराला 12 ने गुणावे, येणाऱ्या वार्षिक आकड्याला 52 ने भागून आठवड्याचा पगार काढावा आणि त्याला ठरलेल्या साप्ताहिक तासांनी भागावे. समजा मासिक पगार 10,400 आणि आठवड्याचे ठरलेले तास 48 आहेत. वर्षाचे 1,24,800 होतात, आठवड्याचे 2,400 आणि तासाचे 50. आठवड्यात 54 तास काम झाले असेल तर जादा तास सहा. दीडपट दराने 450 आणि दुप्पट दराने 600 येणे निघतात. मर्यादा आठवड्याची असेल तिथे प्रत्येक आठवडा वेगळा मांडावा. या आठवड्यात सहा तास जास्त झाले आणि पुढच्या आठवड्यात सहा तास कमी, म्हणून फिटंफाट झाली, असे परस्पर धरू नये.

सर्वांत जास्त पैसे बुडतात ते मालकाच्या घरी राहून काम करणाऱ्यांचे, आणि याविषयी मला मनापासून चीड आहे. ‘घरातच तर असते’ या एका वाक्याखाली रात्री, दुपारच्या विश्रांती आणि सुट्टीचे दिवस गडप होतात. करार क्रमांक 189 सांगतो की ज्या वेळात कामगाराला स्वतःच्या मनाप्रमाणे वेळ घालवण्याची मोकळीक नसते आणि हाक आली की उठावे लागते, तो वेळ देशाचा कायदा ठरवील त्या प्रमाणात कामाचे तास म्हणून धरावा. आठवड्यातून सलग किमान 24 तासांची विश्रांती मिळावी आणि त्या काळात कामगाराला घरातच थांबण्याची सक्ती नसावी, असेही त्यात आहे. स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा: या वेळात मला कोणाला न विचारता बाहेर पडता आले असते का? उत्तर नाही असेल, तर तो वेळ वहीत वेगळ्या रकान्यात लिहा. झोपेचा हिशेब कसा करतात याचे एक उदाहरण अमेरिकी नियमांत सापडते. 24 तासांच्या किंवा त्याहून लांब पाळीत दोघांच्या संमतीने आठ तासांपर्यंत झोप कामातून वगळता येते. पण मधे उठून केलेले काम मोजावेच लागते, आणि किमान पाच तास झोप मिळाली नाही तर तो सगळाच काळ काम ठरतो. असा नियम तुमच्याकडे नसला, तरी करार लिहिताना तो पुढे ठेवायला काहीच हरकत नाही.

मालकांच्या कुटुंबाबरोबर प्रवासाला जाणे ही रजा नव्हे. शिफारस क्रमांक 201 प्रमाणे तो काळ कामगाराच्या वार्षिक रजेत धरू नये. गणवेश, हातमोजे, झाडू किंवा यंत्र यांचे पैसे पगारातून कापू नयेत. जुने कपडे आणि भेटवस्तू आनंदाने घ्याव्यात, पण जादा तासांच्या बदल्यात त्या धरू नयेत. पासपोर्ट आणि ओळखपत्रे स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क करार क्रमांक 189 मध्येच नोंदलेला आहे.

मागणी करताना आधी शांत वेळ मागून घ्यावी आणि फक्त एका महिन्याचा हिशेब पुढे ठेवावा: तारखा, तास, दर, बेरीज. दारात उभ्याउभ्या, घाईच्या वेळी हा विषय काढू नये. तोंडी बोलणे झाले की त्याच दिवशी संदेश पाठवावा: ‘आज बोलल्याप्रमाणे मागच्या महिन्याचे 14 जादा तास झाले आहेत, त्याचे पैसे पुढच्या पगाराबरोबर देणार असल्याचे आपण सांगितले.’ दाद लागली नाही, तर तारीख घालून लेखी मागणी द्यावी आणि मग संघटना, मोफत कायदा सल्ला किंवा कामगार कार्यालय यांच्याकडे जावे. फार दिवस वाट पाहू नये, कारण थकबाकी मागण्याला मुदत असते. अमेरिकी केंद्रीय कायद्यात ती सामान्यतः दोन वर्षे आहे. मारहाण किंवा लैंगिक छळ होत असेल तर पैशांच्या हिशेबासाठी थांबू नये. भारतात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने घरकामगार स्त्रीला अशा छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते आणि पोलिसांकडे जाण्याचा मार्ग तर खुला असतोच.

काम सुटताना शेवटचा पगार, जादा तास, शिल्लक रजा आणि घेतलेली उचल या चारही गोष्टी एकाच कागदावर मांडून घ्याव्यात. राहून काम करणाऱ्याला काढताना वाजवी नोटीस आणि नवे काम व राहण्याची जागा शोधायला मोकळा वेळ द्यावा, असे शिफारस क्रमांक 201 सांगते. तो वेळ नोटिशीच्या कागदावरच लिहून घ्यावा. कोऱ्या पावतीवर किंवा ‘सर्व रक्कम मिळाली’ असे छापलेल्या कागदावर पैसे हातात येण्याआधी सही करू नये. आग्रह झालाच, तर सहीखाली प्रत्यक्ष मिळालेला आकडा आणि ‘जादा तासांची बाकी येणे आहे’ एवढे शब्द स्वतःच्या अक्षरात लिहून त्या कागदाचा फोटो काढून घ्यावा.