थंडीत सिमेंट-चुन्याची माती टिकते का, आधी टेस्ट करून बघा

रस्त्याखालच्या मातीत सिमेंट किंवा चुना घातला म्हणजे झालं असं नसतं, पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं आणि मातीतले बाँड तोडतं, मग बर्फ वितळला की वरून ट्रक गेला तरी खालचा थर दबतो. म्हणून आधी सॅम्पल बनवा, ७ दिवस ओलसर ठेवून क्युअर (घट्ट) होऊ द्या, मग २४ तास उणे २३ डिग्रीला गोठवा, २३ तास २१ डिग्रीला वितळवा, वायर ब्रशने घासा. असे १२ राउंड (कंटाळवाणं आहे, पण शॉर्टकट मारू नका). चिकणमातीच्या सॅम्पलचं शेवटी ७ टक्क्यांपेक्षा जास्त वजन झडून गेलं तर सिमेंट वाढवा. चुना थंडीत फार हळू पकडतो, त्यामुळे काम हिवाळ्याच्या बरंच आधी उरका, आणि ड्रेनेज? तो तर हवाच.