बेअरिंग नवं, कप जुना: जीपच्या हबमधल्या या चुका टाळा

साताऱ्यात सध्या जुन्या जीपा दुरुस्त करून पुन्हा उभ्या करायचं वेड आलंय. कोरेगाव-वाईकडच्या गोठ्यांतून, चिंचेखालून सीजे-३बी मॉडेलच्या जीपा निघतात. पंधरा दिवसांत मिलिटरी हिरवा रंग, नवे टायर, बॉनेटवर पांढरा तारा. मग पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं की खटखट. रंगाला महिना थांबणारी पोरं बेअरिंगचं काम मात्र रविवारी जेवणाआधी उरकायला बघतात.

मुळात खटखट बेअरिंगचीच आहे का, तेही कोणी बघत नाही. चाक जॅकवर उचला, खाली घोडी (स्टँड) लावा, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ढिलेपणा गेला तर बेअरिंग. तसाच राहिला तर किंगपिनकडे, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खुंटीकडे बघा, बेअरिंगचे पैसे वाचले.

बेअरिंगचे दोन भाग: आतला रोलरवाला कोन आणि ते रोलर ज्यात फिरतात ते बाहेरचं कडं, म्हणजे कप. आता माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक. "काका, कप चकाचक हाय की, कशाला काढायचा?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरच देत नाही, कप हातात देतो. या जीपच्या पुढच्या हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात, आत-बाहेर एकसारखी दोन टेपर (निमुळती) बेअरिंगं बसतात. कोनचा नंबर १८५९०, कपचा १८५२०. दुकानात "जीपचं बेअरिंग द्या" म्हणू नका, नंबर सांगा आणि मालावर कोरलेला नंबर स्वतः वाचा. कोन काढायला सोपा, हातात येतो, म्हणून तो बदलतात. कप हबमध्ये ठोकून बसवलेला असतो, म्हणून तो 'चांगला' ठरतो.

तो कप डिझेलनं धुवा, कोरडा पुसा, उजेडाकडे तिरका धरा. गाडी वर्षानुवर्षं एका जागी उभी असली की रोलर जिथं टेकलेले असतात तिथं ओल धरते. चकाकीत सारख्या अंतरावर राखाडी रेघा दिसतील, रोलरएवढ्याच लांबीच्या. त्यावरून नख फिरवा. अडकलं की कप गेला. त्याच्यावर नवा कोन चढवला तर नवे रोलर त्याच खड्ड्यांतून फिरणार आणि थोड्याच दिवसांत तेही खरवडणार. कोन आणि कप ही जोडी आहे, जोडीनंच बदलायची.

जुना कप पलीकडच्या बाजूनं पितळी दांड्यानं काढा. एक ठोका इकडं, एक समोर, नाहीतर तिरका होऊन हबला ओरखडे पाडतो. नवा बसवायची माझी पद्धत अशी: कप रात्रभर फ्रीजरमध्ये, हब सकाळी उन्हात. (पिशवीत गुंडाळून ठेवा. मी एकदा तसाच ठेवला होता, बर्फाच्या ट्रेला तेलाचा वास लागला आणि घरी काय झालं ते लिहीत नाही.) काढलेला जुना कप फेकू नका. त्याची बाहेरची बाजू ग्राइंडरवर जराशी उतरवली की नवा ठोकायला त्याच्यासारखं दुसरं साधन नाही. बसत असताना आवाज पोकळ येतो, पूर्ण टेकला की ठणठणीत. तिथं थांबा.

दुसरी चूक माझी स्वतःचीच, म्हणून तिचा राग जास्त. २०११ च्या सप्टेंबरात कासची फुलं बघायला निघायचं होतं. आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात हब बांधला आणि 'ढिलं नको' म्हणून पान्याला पाइप लावून बेअरिंगवरचा नट आवळला. यवतेश्वरचा घाट चढलो, वर सपाटीला लागलो आणि मागून मेहुणा म्हणाला, "दाजी, काहीतरी करपतंय." उतरून बघतो तर उजवा हब कोमट आणि डाव्याला हात लावता येईना. टेपर बेअरिंगला जागा ठेवली नाही की ते तापतं, तापून फुगतं, फुगलं की आणखी आवळतं. ग्रीस पाण्यासारखं पातळ होऊन सीलमधून (ग्रीस अडवणाऱ्या कडीतून) ब्रेकच्या लायनरवर गेलं. परत येताना ब्रेक मारला की गाडी उजवीकडं ओढायची. अख्खा घाट पहिल्या गिअरमध्ये उतरलो. फुलं कोणीच नीट बघितली नाहीत. दुसऱ्या दिवशी खोललं तर कोन निळा पडून स्पिंडलला, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या दांड्याला, चिकटलेला. ग्राइंडरनं कापून काढला, पण स्पिंडल गेलं. दुसऱ्या स्पिंडलसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात दोन खेपा.

तेव्हापासून एका हातानं चाक फिरवत फिरवतच नट आवळतो. चाक जड व्हायला लागलं, अडलं, की नट एक षष्ठांश फेरा मागं. सहा बाजूंचा नट आहे, म्हणजे बरोबर एक बाजू. मग लॉकवॉशर, वर चेकनट (आतला नट सुटू नये म्हणून लावायचा दुसरा नट), आणि पुन्हा चाक तपासायचं, कारण चेकनट आवळताना आतला नट दाबला जातो. ही दुसरी तपासणी शंभरातले नव्वद जण गाळतात. वॉशरचा कान वाकवून टाका. वॉशर दरवेळी नवा. जुना कान तिसऱ्यांदा वाकवला की तुटतो, आणि वाचतात किती, तर चहाचे पैसे.

हा नट छिन्नीनं फिरवणाऱ्यांना माझ्या दारात प्रवेश नाही. दोन इंच अर्ध्या सुताचा (२-१/१६ इंच) बॉक्स पाना मिळतो. नसेल तर कुणाचा तरी मागून आणा, पण आणा.

बाकीचं थोडक्यात. बेअरिंग धुतल्यावर हवेच्या पाइपनं गरगर फिरवायचं नाही. गंमत वाटते, रोलर सुटला तर डोळा जातो. ग्रीस व्हील बेअरिंगचंच घ्या, चेसीचं नको, आणि जुन्यात नवं मिसळू नका. तळहातावर गोळा घेऊन कोनच्या रुंद बाजूनं दाबत राहा, दुसऱ्या टोकातून बाहेर येईपर्यंत. वरून चोपडलेलं ग्रीस म्हणजे तोंडाला पावडर. हब गच्च भरायचा नाही. सीलची ओठाची बाजू बेअरिंगकडं, आणि सील नवंच.

आणि डाव्या चाकाचे नट सुटत नाहीत म्हणून पाइपवर उभं राहण्याआधी बोल्टाचे आटे बघा. या जीपांना डावीकडं उलटे आटे असतात. गेल्या महिन्यात एकानं एका दुपारी तीन बोल्ट तोडले, मग मला फोन केला.