काचेला चिकटलेला जुना फोटो: आधी साल ठरवा, मग दुरुस्तीला बसा

जुना फोटो काचेला चिकटलाय असं कुणी म्हटलं, की सल्ल्यांना तोटा नसतो. एक जण हेअर ड्रायर सुचवतो, दुसरा कोमट पाणी, तिसरा दाढीचं ब्लेड आणि हल्ली चौथा एखादं ॲप. पहिल्या तिघांच्या उपायांनी फोटो जातो, चौथ्याच्या उपायाने फोटोतला माणूस बदलतो. घरोघरच्या आजोबा-पणजोबांच्या फ्रेम हाताखालून गेल्यावर माझं मत पक्कं झालंय. ते पुढे येईलच.

फ्रेम उघडणं

फ्रेम पालथी घाला, मागचा ब्राऊन पेपर कापा, खिळे पकडीने उपसा, पुठ्ठा उचला. हे कुणालाही जमतं. फक्त आतली रद्दी फेकू नका. जुने फ्रेमवाले पुठ्ठ्याखाली भर म्हणून वर्तमानपत्राचा तुकडा किंवा कॅलेंडरचं पान घालत, आणि त्यावरची तारीख पुढे कामाला येते. तो कागद पाकिटात घालून ठेवा.

फोटो आपणहून सुटला तर पुढचा भाग वाचायची गरज नाही. साध्या स्कॅनरवर 600 डीपीआयला (एका इंचात 600 ठिपके), रंगीत मोडमध्ये स्कॅन करा आणि तारखेकडे वळा. पण एखादा कोपरा जरी काच सोडत नसेल, तरी थांबा. ‘जरा ओढून बघू’ हेही नको.

चिकटलेला फोटो: तो सोडवायचाच नाही

काळ्या-पांढऱ्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. खालचा कागद फक्त आधाराला. जिलेटिनला ओल लागली की ते फुगतं, मऊ होतं, चिकट होतं. फोटो काचेला थेट टेकलेला, मागून पुठ्ठ्याचा दाब आणि फ्रेम पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर, म्हणजे आणखी काही लागत नाही. ओल सुकली की थर काचेलाच धरून बसतो. बहुतेक फ्रेममध्ये खालची कड आधी चिकटलेली दिसते. सणासुदीला कुणीतरी काचेवर पाणी मारून पुसतं, ते ओघळून फ्रेमच्या खाचेत उतरतं. पितृपक्षात काचेवर लावलेलं ओलं गंधही त्याच वाटेने जातं.

आता ओढलंत तर कागद हातात येतो आणि चित्र काचेवर राहतं. नाक-डोळे काचेवर, पगडी कागदावर अशा अवस्थेतले फोटो लोक माझ्याकडे घेऊन आलेत. त्यानंतर कुणाच्याच हातात काही उरत नाही.

हेअर ड्रायरने कागद सुकून आक्रसतो, वळतो आणि थर अर्धवट फाडूनच वळतो. ब्लेड तर सरळ चित्रच खरवडतं. फ्रीझरचा उपायही ऐकून आहे. बाहेर काढल्यावर काचेवर जे दव धरतं, ते जातं कुठे? पुन्हा जिलेटिनमध्येच.

पाण्याचा उपाय त्यातल्या त्यात खरा वाटतो, म्हणूनच तो जास्त घातक. धड अवस्थेतला जिलेटिनचा फोटो गार, शुद्ध पाण्यात भिजवल्यावर काच सोडतो असं घडतं. पण ज्या फोटोला चिकटण्याइतकी ओल लागली, त्याला बहुधा बुरशीही लागलेली असते. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, आणि कुठला भाग खाल्लाय हे काचेतून कळत नाही. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात टाकीचं पाणीच कोमट, म्हणजे उरलेला थरही मऊ. फोटोवर हाताने रंग भरलेले असतील तर ते निघू शकतात. अंड्याच्या पांढऱ्यावर छापलेला एकोणिसाव्या शतकातला अल्ब्युमिन फोटो असेल तर तो भेगाळतो. तुमचा फोटो कुठल्या जातीचा, हे तुम्हाला खात्रीने माहीत आहे का? नसेल तर बादली आत ठेवा.

तेव्हा चिकटलेला फोटो काचेसकटच मूळ मानायचा. काच आता त्या फोटोचा भाग झाली. काच फुटलेली असली तरी तुकडे उचलू नका. त्याच आकाराची दुसरी काच वर धरून कडेने चिकटपट्टी लावा आणि सगळं आडवंच ठेवा. फोटो खरोखरच अमोल असेल, पैसे खर्च करायची तयारी असेल, तर संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडे जा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येईल. कोपऱ्यावरचा फ्रेमवाला या कामाचा माणूस नव्हे, तो कितीही जुना असो.

काचेवरून प्रत घेणं

इथे लोक फ्रेम घरातल्या ऑल-इन-वन प्रिंटरच्या स्कॅनरवर पालथी टाकतात आणि धुरकट चित्र आलं की फोटोलाच दोष देतात. या प्रिंटरमध्ये बहुतेक सीआयएस जातीचा सेन्सर असतो. काचेला टेकलेला कागद त्याला स्वच्छ दिसतो, दोन मिलिमीटर वर गेलेला दिसत नाही. तुमचा फोटो स्वतःच्या काचेमागे तेवढाच वर आहे. सीसीडी सेन्सरचा जाडजूड स्कॅनर मिळाला तर चित्र बरं येतं, पण काचेवर काच टेकली की इंद्रधनुषी वलयं उमटतात. म्हणून स्कॅनर नकोच. कॅमेऱ्याने फोटोचा फोटो घ्या.

फोटो टेबलावर आडवा ठेवा. काच किंचित ओलसर फडक्याने, कडांपासून दूर राहून पुसा. पाणी फडक्यावर घ्यायचं, काचेवर नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, फोटोच्या बरोबर वर. तो समांतर आहे का हे बघायला काचेच्या मध्यावर छोटा सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून पाहा. आरशात लेन्सचंच प्रतिबिंब अगदी मधोमध दिसलं की समांतर. सारखे दोन दिवे दोन बाजूंना, सारख्या अंतरावर, 45 अंशांहून थोडे खाली. खोलीतले बाकीचे दिवे बंद, पडदे ओढलेले.

तरीही काचेत काहीतरी दिसतंच, आणि ते बहुधा तुम्हीच असता. काळ्या कार्डपेपरला लेन्सएवढं भोक पाडून तो लेन्सपुढे अडकवा आणि अंगात गडद कपडे घाला. पांढरा सदरा घालून काम केलं तर आजोबांच्या छातीवर पांढरा ढग येतो आणि तो नंतर पुसताना जीव जातो. फोकस हाताने, डोळ्यांवर करा. ऑटोफोकस काचेवरचा ओरखडा पकडून बसतो. ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ 8 च्या आसपास, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. मोबाइलच वापरायचा असेल तर वाइड लेन्स टाळा, दुपटीच्या लेन्सवर जा आणि मोबाइल तेवढा उंच धरा, नाहीतर कडेची माणसं ताणली जातात. आठ बाय दहा इंची प्रत 300 डीपीआयला छापायला 2400 बाय 3000 पिक्सेल लागतात, तेव्हा 12 मेगापिक्सेल पुरतात. मेगापिक्सेलच्या मागे लागू नका, दिव्यांच्या मागे लागा.

एक फ्रेम झाली की दिवे थोडे सरकवून दुसरी घ्या. पहिलीत जिथे चमक आली असेल तो तुकडा दुसरीतून घेता येतो.

साल

दुरुस्तीआधी साल का, तर काय डाग आहे आणि काय खरं आहे हे साल कळल्याशिवाय ठरत नाही.

आधी पाठ बघा, म्हणजे जेवढी बघता येईल तेवढी. शके लिहिलं असेल तर त्यात 78 मिळवा, पण महिना माघ किंवा फाल्गुन असेल तर 79, आणि पौष असेल तर दोन्हींपैकी काहीही. शके 1852 चा श्रावण म्हणजे 1930, माघ म्हणजे 1931. अक्षर मोडी असेल तर वाचणारा शोधा, अंदाज करू नका. स्टुडिओच्या शिक्क्यात पिनकोड असेल तर शिक्का 15 ऑगस्ट 1972 नंतरचा. इंग्रजीत ‘पूना’ असेल तर बहुधा 1978 च्या आधीचा, पण जुने छापील माउंट (फोटो डकवायचे पुठ्ठे) संपेपर्यंत स्टुडिओवाले वापरत, तेव्हा चार-पाच वर्षं इकडेतिकडे धरा. रद्दीतल्या वर्तमानपत्राची तारीख फ्रेमची आहे, फोटोची नाही. फोटो बहुधा तिच्या सुमाराचा किंवा आधीचा, एवढंच ती सांगते. आणि फ्रेम मधे कधी बदलली असेल तर फोटो बराच आधीचा.

मग कागद. जाड पुठ्ठ्यावर डकवलेला पातळ, तपकिरी फोटो साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांच्या पुठ्ठ्यावर असेल तर ते कॅबिनेट कार्ड. ते 1866 च्या सुमारास निघालं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. तिरप्या उजेडात कडेच्या काळ्या भागांवर चंदेरी झाक मारत असेल तर जिलेटिनचा फोटो, बहुधा विसाव्या शतकातला. करवतीसारख्या कातरलेल्या कडा 1930 ते 60 च्या दशकांत सर्रास. छोटे चौकोनी फोटो पुष्कळदा अॅग्फा क्लिक थ्रीचे, एका रोलमध्ये बारा, म्हणजे साठ-सत्तरचं दशक. हाताला प्लास्टिकसारखा लागणारा कागद साधारण 1970 च्या पुढचा.

कपड्यांवरून साल सांगणाऱ्यांवर माझा विश्वास कमी. नऊवारी दिसली की लोक ‘शंभर वर्षांपूर्वीचा’ म्हणून मोकळे होतात. कित्येक आज्या 1980 नंतरही नऊवारीच नेसत होत्या. कपडा ‘याआधी नाही’ एवढंच सांगतो. गांधी टोपी दिसली तर 1920 च्या सुमाराच्या आधी जाता येत नाही. पुरुषाच्या मनगटावर घड्याळ असेल तर फोटो बहुधा पहिल्या महायुद्धानंतरचा. आणि पुष्कळ स्टुडिओत कोट, घड्याळ, छडी तिथलीच मिळे, तेव्हा त्यावरून ऐपतही ठरवू नका.

भरवशाचा पुरावा म्हणजे फोटोतलं सगळ्यात लहान मूल. मांडीवरचं बाळ कोण हे कळलं आणि त्याचं जन्मसाल शाळेच्या दाखल्यावरून मिळालं, की साल दीड-दोन वर्षांच्या आत येतं. त्यानंतर सालाची दोन्ही टोकं बांधा: फोटोत कोण नाही, कोण आलवणात (विधवेच्या लाल लुगड्यात) आहे, कुणाची मुंज झालेली दिसते.

एकट्या माणसाचा मोठा, छातीपर्यंतचा फोटो असेल तर आणखी सावध राहा. माणूस गेल्यावर जुन्या ग्रुप फोटोतून डोकं मोठं करून घ्यायची पद्धत होती. कोट, उपरणं, कधी मिशीसुद्धा रिटचरने (फोटोवर हाताने सुधारणा करणाऱ्याने) ब्रशने काढलेली असते. भिंगातून बघा: चेहऱ्यावर फोटोचे बारीक कण आणि कोटावर सफाईदार रेघा दिसल्या, तर चेहऱ्याचं साल वेगळं आणि फोटोचं वेगळं.

स्क्रीनवरची दुरुस्ती

फोटोशॉप असो की फुकटातलं गिंप, मूळ लेयरला (चित्राच्या मूळ थराला) हात लावायचा नाही, काम वरच्या प्रतीवर.

काचेला चिकटलेले भाग गडद दिसतात आणि सुटलेले भाग फिकट, नकाशावरच्या बेटांसारखे. लोक तिथे लगेच क्लोन स्टॅम्प (शेजारचा तुकडा उचलून वर छापणारं साधन) घेऊन बसतात, ते चूक. बेटाखालचं चित्र शाबूत आहे, फक्त उजळपणा वेगळा आहे. बेटाच्या कडेने मास्क करा (म्हणजे बदल तेवढ्याच भागावर होईल) आणि कर्व्ह्जने, म्हणजे उजळपणा कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, बाकीच्या फोटोशी जुळवा. काम पुष्कळसं तिथेच होतं. क्लोन फक्त कसरीने खाल्लेल्या, खरोखर रिकाम्या जागी.

पिवळे डाग असतील तर रंगांचे तिन्ही चॅनेल (लाल, हिरवा, निळा) वेगवेगळे उघडून पाहा. रंगीत मोडमध्ये प्रत घ्यायची ती यासाठीच. पिवळा डाग निळ्या चॅनेलमध्ये ठसठशीत आणि लालमध्ये जवळजवळ नाहीसा, तेव्हा डागांच्या फोटोला लाल चॅनेल घ्या. फोटोच सगळा पिवळा, विरलेला असेल तर उलट निळ्यात जास्त तपशील सापडतो.

डाग आपोआप काढणारं बटण चेहऱ्यावर वापरू नका. ते हनुवटीवरचं गोंदण काढतं, देवीचे व्रण काढतं आणि कुंकू धूळ समजून पुसून टाकतं. जुन्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसत नसे, म्हणून कुंकू काळं आणि लाल लुगडंही काळंच उमटे. हे माहीत नसलेली ॲपं आजीला काळं लुगडं नेसवून, कपाळ कोरं ठेवून परत देतात. एआय पार्श्वभूमीला, भिंतीला, सतरंजीला खुशाल वापरा. डोळे, नाक, ओठ त्याच्या हाती दिले तर तो आजोबांसारखा दिसणारा कुणी तिऱ्हाईत तयार करतो, आणि घरातली सगळ्यात म्हातारी व्यक्ती तो फोटो बघून ‘हे कोण?’ विचारते. रंग भरायचेच असतील तर वेगळी प्रत करा आणि रंग कल्पनेचे आहेत असं तिच्या मागे लिहा.

छपाई आणि मूळ

मॅट कागदावर छापा. फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंट (मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा) घालायला सांगा, म्हणजे फोटो काचेला टेकत नाही. फ्रेमवाला ‘कशाला खर्च’ म्हणेल, ऐकू नका. हार, गंध, उदबत्ती यापुढे नव्या प्रतीला.

मूळ फोटो काचेसकट, काच खाली ठेवून, आडवा, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत ओल साठते. नव्या प्रतीच्या मागे पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावं लिहा, मग ‘अंदाजे 1931 ते 33’ आणि त्याखाली अंदाज कशावरून बांधला तेही.